फोटोत पांढरं राखाडी का होतं?

प्रश्न : आमच्या सोसायटीत हौसेखातर फोटोंचं आव्हान सुरू केलं आहे. दर आठवड्याला विषय देतो, पण मोबाइलवाले हळूहळू गळतात. काय बदलावं? (पुणे)

उत्तर : आधी विषय बदला. 'पक्षी', 'निसर्ग' म्हटलं की लांब लेन्स आणि फिरायला वेळ असलेलेच पुढे राहतात. त्याऐवजी घरातच सुटेल असं प्रकाशाचं कोडं द्या: पांढऱ्या ताटलीतला दहीभात, काळा तवा, खिडकीकडे पाठ करून बसलेली आजी. प्रत्येकाने एकाच जागेवरून तीन फोटो काढावेत. एक कॅमेऱ्याच्या मनाप्रमाणे, एक त्याहून उजळ, एक गडद. कॅमेऱ्यावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ किंवा गडद हवा, ते सांगणारं सेटिंग) 0, +1 आणि −1 ठेवावं. बऱ्याच मोबाइलवर विषयावर बोट टेकवलं की सूर्याचं चिन्ह येतं, ते वर-खाली सरकवावं. तिन्हींतला एक निवडून तोच का, हे एका ओळीत लिहायचं. खरं शिक्षण या ओळीतच होतं, तिला सूट देऊ नका.

फोटो एकाच माणसाकडे जमा करा. त्याने नावं काढून क्रमांक टाकावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवला तर तो दाबला जातो आणि शटर (उजेड किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) यांची नोंदही निघून जाते. 'मस्त', 'सुंदर' एवढ्यावर भागवू नये. कुठला भाग जळला, म्हणजे नुसता पांढरा झाला, कुठला अंधारात बुडाला, ते बोट ठेवून सांगावं. बक्षीस नको, ज्याला जास्त मतं, त्याने पुढचा विषय द्यावा.

प्रश्न : दहीभात राखाडीच येतो. आयएसओ 400 चा 800 केला, तरी फरक नाही. असं का? (नाशिक)

उत्तर : कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर दही आहे की तवा, हे कळत नाही. जे दिसेल ते सरासरी मध्यम राखाडी धरून तो हिशोब करतो. म्हणून पांढरं मळकं होतं आणि काळा तवा धुरकट. तुम्ही बहुधा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर आहात, म्हणजे लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवता आणि शटरचा वेळ कॅमेरा. तिथे आयएसओ दुप्पट केला की कॅमेरा शटरचा वेळ निम्मा करतो, फोटोचा उजळपणा तेवढाच राहतो. आयएसओ पुन्हा 400 वर आणा आणि कॉम्पेन्सेशन +1 द्या. ताटलीने चौकट भरली असेल तर +1.7 पर्यंत जा. मग हिस्टोग्राम पाहा, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं किती आहे ते दाखवणारा आलेख. डोंगर उजव्या कडेजवळ हवा, पण कडेला चिकटून कापला गेला तर दाण्यांचा पोत गेला, तो नंतर परत येत नाही. तव्यासाठी −1 पासून सुरुवात करा. काम झालं की कॉम्पेन्सेशन शून्यावर आणायला विसरू नका. कॅमेरा बंद केला तरी ते बहुतेक वेळा तसंच राहतं.

प्रश्न : आकाशकंदिलाच्या फोटोत आडवे पट्टे येतात. (ठाणे)

उत्तर : आतला एलईडी दिवा लुकलुकतो आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा, पट्टे जातील. कागद जळलेला दिसत असेल तर −1 द्या, आणि सूर्य मावळल्यावर साधारण वीस मिनिटांनी फोटो काढा. तेव्हा आभाळात अजून निळा उजेड असतो आणि कंदिलाच्या झिरमिळ्याही दिसतात.