अपस्माराच्या झटक्यांसाठी कीटो आहारावर (भरपूर स्निग्धांश, अगदी कमी कर्बोदकं) असलेल्या मुलीला तापाचं सिरप दिल्यावर झटके पुन्हा वाढले, असं का?

ताप स्वतःही झटके वाढवतो, पण सिरपमधली साखर आधी तपासा. या आहाराच्या ४:१ प्रकारात ४ ग्रॅम स्निग्धांशामागे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून फक्त १ ग्रॅम. लहान मुलांना दिवसाला साधारण १० ग्रॅमच कर्बोदकं मिळतात; गोड सिरपच्या एका चमच्यात दोन-तीन ग्रॅम सहज जातात. चरबी जळून शरीरात तयार होणारे कीटोन उतरतात, झटके परततात. ‘शुगर-फ्री’वरही विसंबू नका, त्यातलं सॉर्बिटॉल मोजावं लागतं. डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे डोस ठरवून साधी गोळी कुटून द्या, किंवा सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायची औषधाची वडी). फिट्सची रोजची औषधंही सिरपमध्ये असतील तर तीही बदलून मागा. आजारपणात कीटोन रोज तपासा.

मुंबईत पावसाळ्यात उलट्या-जुलाब झाले की जवळच्या नर्सिंग होममध्ये ग्लुकोजचं सलाईन पटकन लागतं. ‘कीटोजेनिक आहार, डेक्स्ट्रोजविना (म्हणजे ग्लुकोजविना) सलाईन’ अशी न्यूरोलॉजिस्टची चिठ्ठी फाइलमध्ये ठेवाच. मात्र रक्तातली साखर खरंच घसरली असेल, मूल गळून गेलं असेल, तर ग्लुकोज द्यावंच लागतं; तिथे अडवू नका. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला तर थेट इमर्जन्सी गाठा. आहार मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका.