थंडीत लागलेली उन्हाळी

ग्रामीण रुग्णालयाच्या असंसर्गजन्य रोग विभागात मी समुपदेशक म्हणून काम करते. लघवीची जळजळ गोळ्यांनी थांबते, पण महिना-दीड महिन्यात पुन्हा का येते, हा प्रश्न मधुमेही स्त्रिया मला वारंवार विचारतात. यवतमाळ जिल्ह्यातील एका काकूंनी तो ऐन मार्गशीर्षात विचारला. ओळख पटू नये म्हणून त्यांच्याविषयीचे काही तपशील मी बदलले आहेत.

"मॅडम, बाहेर एवढी थंडी, अन् मले उन्हाळी काऊन लागते जी? किडनी तं नाई ना गेली माही?"

आपल्याकडे या जळजळीला उन्हाळी लागणे म्हणतात, आणि निदान नावातच बसलेले असल्यामुळे उपचारही त्याच अंगाने होतात. काकू अंगातली उष्णता काढण्यासाठी धने-जिऱ्याचे पाणी पीत होत्या, तेही खडीसाखर घालून. गावातील औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या त्या दोन दिवस घेत आणि जळजळ थांबली की उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवून देत. वय ५२, मधुमेहाला ११ वर्षे झालेली, पाळी बंद झालेली, पायांना मुंग्या येणे सुरू झालेले आणि तीन महिन्यांची सरासरी साखर १०.४ टक्के, असे त्यांचे चित्र होते.

पहिल्या भेटीत मी चुकले. दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी प्या, लघवी रोखून धरू नका, हे नेहमीचे मी सांगितले आणि काकूंनी मान हलवली. पाच आठवड्यांनी त्या त्याच तक्रारीसह परत आल्या, तेव्हा मी सल्ला बाजूला ठेवून आदला दिवस त्यांनी कसा घालवला तेवढेच विचारले. सकाळी सातला कापूस वेचायला मजुरांची गाडी निघते आणि संध्याकाळी सहाला परत येते. मजुरी किलोवर मिळते. वावरात पुरुष मजूरही असतात आणि कमरेएवढ्या पऱ्हाटीत आडोसा मिळत नाही. म्हणून काकू सकाळी एक कप चहा घेत आणि दिवसभरात पेलाभरही पाणी पीत नसत. "पाणी पेलं की उठा लागते, अन् उठलं की कापूस कमी भरते," त्या म्हणाल्या. वेचणीच्या दिवसांतच ही उन्हाळी का उमटते, याचा निम्मा उलगडा मला त्या एका वाक्यात झाला.

उरलेला निम्मा मधुमेहात होता. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडे ती लघवीत सोडू लागतात. त्यामुळे लघवी वाढते आणि काकूंसारखी बाई उठावे लागू नये म्हणून पाणी आणखी तोडते. साखर सतत चढलेली राहिली तर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे कामही मंदावते. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो आणि पाळी गेल्यानंतर त्या भागाचे नैसर्गिक संरक्षण कमी होते, त्यामुळे आतड्यातील जंतूंना वर चढायला फार वेळ लागत नाही. हे मी सांगत असताना काकूंनी अगदी हळू आवाजात विचारले, की हा रोग नवऱ्याकडून तर आला नाही ना, आणि एकच संडास वापरणाऱ्या सुनेला तर लागणार नाही ना. हा गुप्तरोग नाही आणि संडासातून दुसऱ्याला लागत नाही, हे ऐकल्यावरच त्या खुर्चीत नीट टेकून बसल्या. माझ्या अनुभवात स्त्रिया दवाखान्यात उशिरा येण्यामागे जळजळीपेक्षा ही धास्ती अधिक असते.

डॉक्टरांनी या वेळी प्रतिजैविक सुरू करण्याआधी लघवीचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जंतू वाढवून तपासण्यासाठी, पाठवला, कारण अर्धवट गोळ्या खाल्लेल्या रुग्णात कोणते औषध लागू पडेल याचा अंदाज बांधणे धोक्याचे असते. मूत्रपिंडांच्या तपासण्या ठीक निघाल्या. सोनोग्राफीत मात्र लघवी करून आल्यानंतरही मूत्राशयात बरीच लघवी शिल्लक दिसली. पायांना मुंग्या आणणारा मधुमेह मूत्राशयाच्या नसाही बधिर करतो, मग भरल्याची जाणीव उशिरा होते, पिशवी पूर्ण रिकामी होत नाही आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. म्हणून मी काकूंना जाणिवेवर विसंबू नका, घड्याळावर जा, असे सांगितले. दर तीन तासांनी जायचे, आणि झाले असे वाटल्यावर दोन-चार मिनिटे थांबून पुन्हा एकदा बसायचे. धने-जिऱ्याच्या पाण्याला माझी हरकत नव्हती, खडीसाखरेला होती.

त्यांच्या शेजारणीला साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी नवी गोळी सुरू होती आणि तिला खाज सुटली होती, त्याविषयीही काकूंनी विचारले. त्या गोळीने जननेंद्रियाचा बुरशीसंसर्ग होऊ शकतो, परंतु ती मनाने बंद न करता डॉक्टरांना दाखवावे, एवढेच मी सांगितले. थंडी वाजून ताप, कमरेच्या वरच्या बाजूला पाठीत दुखणे किंवा उलट्या झाल्या तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले, कारण मधुमेहात मूत्रपिंडापर्यंत पोचलेला संसर्ग झपाट्याने जिवावर बेतू शकतो.

पाण्याचा प्रश्न काकूंनीच सोडवला. ज्या वावरात कपाशीत तुरीच्या उंच ओळी असतात तिथे चार बायका मिळून दहाला आणि एकला तुरीमागे जातात. चौघी एकदम उठल्या की कुणाच्या एकीच्या कापसाकडे बोट दाखवले जात नाही. पौषात त्यांना पुन्हा एकदा जळजळ झाली, पण त्या दुकानात न जाता त्याच दिवशी आमच्याकडे आल्या आणि गोळ्यांचा डोस पूर्ण केला. सरासरी साखर ८.३ वर आली आहे, अजून उतरायला हवी. तूर नसलेल्या वावरात काय करावे याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. त्या दिवसांसाठी काकू आता भाकरीच्या फडक्यासोबत एक जुने लुगडे नेतात, आणि दोघी ते धरून उभ्या राहतात.