वाचकांचे प्रश्न : शहरातील झाडे आणि त्यांच्या बुंध्याखालची माती

प्रश्न : आमच्या वसाहतीत सात वर्षांपूर्वी लावलेल्या झाडांपैकी दोन झाडे गेल्या महिन्यात साध्या वाऱ्याने आडवी झाली. पाणी, खत कशातही आम्ही कसूर केली नव्हती. उरलेल्या झाडांची पाने लहान येत असून शेंडे वाळत आहेत. कीड मात्र दिसत नाही. मग दोष कशाचा?

उत्तर : कोणतेही औषध फवारण्यापूर्वी उरलेल्या झाडांपैकी एकाच्या बुंध्याशी बसून खोड जमिनीत शिरते ती जागा नीट पाहावी. योग्य रीतीने लावलेल्या झाडाचा बुंधा तळाशी रुंदावत जातो आणि त्या फुगवट्यातून मुख्य मुळे चहूकडे निघालेली दिसतात. खोड विजेच्या खांबासारखे सरळ जमिनीत गेलेले असेल, तर रोप खोल लावले गेले किंवा नंतर त्यावर मातीचा थर चढला, असे समजावे. साल न दुखावता खुरपीने माती हळूहळू बाजूला करावी. आपण केलेले वर्णन पाहता, चार-सहा बोटांखाली खोडाला विळखा घातलेले एखादे मूळ सापडण्याची शक्यता मला बरीच वाटते.

हा विळखा बहुधा रोपवाटिकेतच पडलेला असतो. रोप पिशवीत गरजेपेक्षा जास्त काळ राहिले की मुळे पिशवीच्या कडेकडेने गोल फिरू लागतात आणि जमिनीत गेल्यावरही जाड झालेली मुळे ते वळण सोडत नाहीत. पहिली काही वर्षे झाड चांगले वाढते, आणि म्हणूनच हा दोष फसवा आहे. पुढे खोडही जाड होते, मूळही जाड होते आणि दोन्ही एकमेकांना आवळू लागतात. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरत असते. तो मार्गच चिमटला गेल्यामुळे मुळे उपाशी राहतात आणि त्याचा परिणाम शेंड्यावर दिसू लागतो. मुळे चहूकडे पसरलेलीच नसल्याने झाडाला जमिनीत पकडही नसते. पडलेल्या झाडांची मुळे अजून जागेवर असतील, तर जरूर पाहावीत. सात वर्षांनंतरही त्यांत पिशवीचा आकार ओळखू येण्याचा संभव आहे.

विळखा घालणारे मूळ बारीक असेल, तर ते धारदार पटाशीने खोडाला धक्का न लावता कापावे. मूळ जाड असून खोडात रुतलेले असेल, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय हात लावू नये. नवी रोपे लावताना पिशवी पूर्ण काढावी आणि गोल फिरलेली मुळे कापून टाकावीत. तेथून नवी मुळे फुटतात, त्यामुळे हात आखडता घेऊ नये. खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, पण त्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद असावा, कारण खोल खणून भुसभुशीत केलेली माती पुढे बसते आणि रोप तिच्याबरोबर खाली जाते. आधाराची काठी सैल बांधावी आणि साधारण वर्षभरात काढून टाकावी, कारण वाऱ्याने डोलण्यामुळेच खोडाला बळकटी येते. (समारंभासाठी पुरुषभर उंचीची रोपे आणण्याचा मोहही टाळलेला बरा. ती छायाचित्रात शोभून दिसतात. पण लहान रोप नव्या जागी लवकर रुजते आणि अनेकदा त्यांना मागे टाकते.)

प्रश्न : पदपथ करताना झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले आहेत. काही ठिकाणी ते आता उचलले गेले आहेत. त्यासाठी मुळे कापावीत का?

उत्तर : मुळे कापू नयेत, ब्लॉक मागे घ्यावेत. मुळे खोल जातात हा समज चुकीचा आहे. झाडाची बहुतेक मुळे वरच्या सुमारे 60 सेंटिमीटर मातीत असतात आणि आडवी पसरत पर्णसंभाराच्या कक्षेबाहेरही बरीच दूर जातात, कारण मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. रोलर फिरवून दाबलेल्या मातीतील पोकळ्या नाहीशा होतात, तेव्हा ब्लॉकखालच्या फटीत मिळणाऱ्या ओलाव्याकडे आणि हवेकडे मुळे वळतात, तेथेच जाड होतात आणि फरशी उचलली जाते. बुंध्याजवळची जाड मुळे तोडली, तर पदपथ सपाट होईल, पण झाडाचा आधार जाईल. ब्लॉक यंत्राने न उपटता हाताने काढावेत, शक्य तितकी रुंद जागा उघडी ठेवावी आणि तिच्यावर पालापाचोळ्याचा पाच ते दहा सेंटिमीटर थर द्यावा. हा थर खोडाला मात्र टेकू देऊ नये; ओल धरून साल कुजते.

प्रश्न : फांदी कापल्यावर जखमेला डांबर किंवा रंग लावावा का?

उत्तर : सर्वसाधारणपणे नाही. अमेरिकी वनखात्यातील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे चिरून तपासली, तेव्हा असे दिसून आले की झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती उभारून तो भाग बंदिस्त करते. या कामात लेपाची मदत होत नाही. उलट त्याखाली ओल टिकून राहू शकते. महत्त्व आहे ते काप कोठे घेतला याला. फांदी खोडातून निघते तेथे सुरकुतलेल्या सालीचे किंचित फुगीर कडे असते. काप त्या कड्याच्या लगेच बाहेर घ्यावा. कडे कापू नये आणि खुंटही ठेवू नये. जड फांदी असल्यास आधी थोडे पुढे खालून खाच घ्यावी, मग वरून कापून वजन उतरवावे आणि शेवटी खुंट काढावा, नाहीतर फांदी कोसळताना खोडाची साल ओरबाडून नेते.

प्रश्न : संपूर्ण रस्त्यावर एकाच जातीची झाडे लावण्याचा विचार आहे. योग्य आहे का?

उत्तर : दिसायला सुंदर, पण धोक्याचे. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत एल्म वृक्षांच्या रांगाच्या रांगा एका बुरशीजन्य रोगाने गेल्या. हा रोग भुंग्यांमार्फत पसरतो, शिवाय शेजारच्या झाडांची मुळे एकमेकांत जुळलेली असल्यास त्यांतूनही जातो. अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञ फ्रँक सांतामूर यांनी 1990 मध्ये सुचवलेले प्रमाण आजही वापरले जाते : शहरातील एकूण झाडांत एका जातीची 10 टक्क्यांहून, एका प्रजातीसमूहाची (जवळच्या नात्यातील जातींच्या गटाची) 20 टक्क्यांहून आणि एका कुळाची (अशा अनेक गटांच्या मोठ्या घराण्याची) 30 टक्क्यांहून अधिक झाडे नसावीत. हे प्रमाण शहरभरासाठी आहे, त्यामुळे एखाद्या छोट्या गल्लीत एकच जात चालू शकेल. मात्र लगतच्या रस्त्यांवर काय लावले आहे, हे आधी फिरून मोजावे.