पाणी तुटलेल्या कडवळाचा खोडवा गाईंना घालण्याआधी

सांगोल्याच्या दादांनी विचारलंय की कडवळाची, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीची, पहिली कापणी झाल्यावर मोटार बंद पडली, रान वाळलं, आता पाणी देताच वीतभर हिरवागार फुटवा आलाय, तो गाईंना घालू का? दादा, आज घालू नका. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं, जनावरानं चावलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल हे विष सुटतं. पाण्याचा ताण, खोडव्याचा (कापलेल्या बुडख्यांचा) नवा फुटवा आणि जास्तीचा युरिया, या तिन्हींनी ते वाढतं. तुमच्याकडं पहिल्या दोन गोष्टी आहेतच.

माझी पहिलारू गाय अशीच किराळ लागून, म्हणजे या विषबाधेनं, गेली. बियाणं एका सरकारी कार्यालयातून मिळालेलं. पिशवीवर ना वाणाचं नाव, ना कधी कापायचं याची एक ओळ. फुटवा घालण्याआधी मी मुद्दाम जाऊन विचारलं, तर मान वर न करता उत्तर आलं, "हिरवी वैरण आहे, घाला की." संध्याकाळी गाय थरथरायला लागली, धाप, तोंडाला फेस. डॉक्टर पोचेपर्यंत संपली. मदतीच्या अर्जासाठी त्याच दारात गेलो, तर शवविच्छेदनाचा दाखला नाही म्हणून कागद परत केले. असा दाखला लागतो हे आधी कुणी सांगितलं होतं? बियाणं वाटताना सोबत चार ओळींचा कागद दिला असता तर गाय दावणीला असती. याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून सांगतो, जनावर दगावलंच तर पुरण्याआधी शवविच्छेदन करून घ्या, विमा असो वा नसो. लक्षणं दिसली की घरी काही पाजत बसू नका, ठसका लागतो. डॉक्टरांनी शिरेतून सोडियम थायोसल्फेट वेळेत दिलं तर जनावर वाचू शकतं.

आता माझं मत, पटलं तर घ्या. मे अखेरपर्यंत पाण्याची खात्री नसेल तर उन्हाळी कडवळ करूच नये, बाजरी करावी. तिच्यात हे विष नसतं. विहीर टिकणारी असेल तर फुले जयवंत हे नेपियर गवत लावा: ३ बाय २ फुटांवर दोन डोळ्यांची कांडी, पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढं साधारण दीड महिन्यानं. पण नुसत्या नेपियरवर भागवू नका. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं, उसाच्या वाढ्याचंही तेच. जोडीला लसूणघास आणि क्षार मिश्रण हवंच.

मी डॉक्टर नाही, तेव्हा तुमचं रान तुमच्या पशुवैद्यकांना एकदा दाखवा. तोवर मालदांडी ज्वारीच्या कडब्यावर दिवस काढा. खोडवा निम्मा फुलोऱ्यात आला की कापा, आणि तेव्हाही उपाशी जनावरापुढं एकदम टाकू नका, आधी कडबा घाला.