सात दिवसांत छापून देणाऱ्याला 12,000 रुपये द्यावेत का?

प्रश्न: माझी मुलगी एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या क्वार्टरमागच्या कडुनिंबाच्या ढोलीत राखी धनेशाचं घरटं असतं. तीन उन्हाळे गच्चीवर बसून तिने दोन वह्या भरल्या. आता लेख छापायचा आहे. एका ‘आंतरराष्ट्रीय’ जर्नलचा मेल आला, 12,000 रुपये भरा, सात दिवसांत छापतो. भरावेत का? आणि यातून नोकरीचं काही होईल का?
– एक आई, नागपूर

ताई, पैसे भरू नका. चांगली काही जर्नल्सही लेख स्वीकारल्यावर शुल्क घेतात, म्हणून शुल्क घेणारा प्रत्येक जण लबाड नसतो. पण लेख न वाचताच छापायचं वचन देतो, तो दुकानदार. खऱ्या जर्नलमध्ये विषयातली जाणती माणसं लेख वाचतात, शंका काढतात. त्यात महिने जातात. अशा दुकानातला लेख पुढे मुलाखतीत लपवावा लागतो.

नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर बसलेल्या मुलीच्या वह्या मात्र सोन्यासारख्या आहेत. फक्त तिने त्यातलं सगळं एका लेखात कोंबू नये. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, विष्ठा आणि अन्नाच्या चोथ्याने तोंड लिंपते, नर फटीतून भरवतो, हे पक्षी पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. त्याला दोन वाक्यं पुरेत. तिच्याकडे नवं काय? शहरातल्या या नराने उंबर-पिंपळाची फळं किती वेळा आणली, पाली-किडे किती वेळा, पिल्लं मोठी होताना हे प्रमाण कसं बदललं. एवढ्यावर नेटकं टिपण होतं. ज्या तासात नर एकदाही आला नाही, तो तासही तक्त्यात हवा. नवखी मुलं नेमके तेच गाळतात आणि सरासरी फुगते. एका उन्हाळ्यात ती कमी दिवस बसली असेल, तर तसंच लिहावं. आणि घरटं एकच असल्याने ‘नागपुरातले धनेश असं करतात’ असं न म्हणता ‘या जोडीने असं केलं’ म्हणावं.

तारीख, वेळ, ठिकाण वहीत असेल तसंच उतरवायचं, आठवणीतून भर घालायची नाही. मी विद्यार्थी असताना एक टिपण पाठवलं होतं. संपादकांनी विचारलं, ‘सकाळी म्हणजे किती वाजता?’ वहीत वेळच नव्हती. टिपण तिथेच संपलं! पण चुकीची नोंद त्याहून वाईट. आपल्या मेळघाटातही सापडणाऱ्या रानपिंगळ्याचं, या छोट्या घुबडाचंच पाहा. 1884 नंतर त्याचा पत्ता नव्हता. 1914 सालचा, गुजरातेतला म्हणून एक नमुना संग्रहालयात होता; तो मूळचा जुना, चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. त्या चिठ्ठीवर विसंबून लोक भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. खोटी नोंद वगळून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर गेल्यावर 1997 मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला.

घरट्याचा नेमका पत्ता मात्र छापू नये, पिल्लं पळवणारे असतात. अक्षांश-रेखांश दशांशानंतर दोनच अंकांपर्यंत द्यावेत, म्हणजे साधारण किलोमीटरभराची जागा कळते. तसं केल्याचं लेखात सांगावं.

बाकीचं शिस्तीचं काम आहे. आधी जर्नल निवडायचं, मग त्याच्या सूचना वाचून लिहायचं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं जर्नल 1886 पासून निघतं. ‘इंडियन बर्ड्स’ही छोटी टिपणं घेतं. दोन्हींचे अलीकडचे अंक तिने आधी वाचावेत. शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरात, प्रजातीचं (जीनस) पहिलं अक्षर मोठं, जातीचं (स्पीशीज) लहान. मजकुरात आलेला प्रत्येक संदर्भ शेवटच्या यादीत हवा आणि यादीतला मजकुरात. फोटो मूळ फाइलचे, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले नकोत. एका वेळी एकाच जर्नलकडे पाठवायचं. सरांचं नाव लेखक म्हणून घालायचं का, हे लिहायच्या आधी बोलून घ्यावं. नोंदींत किंवा लेखनात हात असेल तर लेखक, नाहीतर आभारात.

टिपण शेरे मारून परत आलं तर रडू नये. प्रत्येक शेऱ्याला क्रमाने उत्तर द्यायचं. न पटलेल्या शेऱ्यालाही, कारणासकट.

नोकरीचं म्हणाल, तर एका टिपणावर कुणी नोकरी देत नाही. पण देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेसारख्या ठिकाणी प्रकल्पांसाठी संशोधन सहायक घेतात. ही पदं कंत्राटी असतात, हे आत्ताच समजून असा. तिथल्या मुलाखतीत ‘फील्डवर काय केलंस?’ याला तिच्याकडे उत्तर असेल, पीएच.डी.च्या मुलाखतीतही. प्राध्यापकी हवी असेल तर ‘नेट’ या पात्रता परीक्षेचा अभ्यास सोबत चालू ठेवावा. टिपणासाठी रविवार पुरेत.

आणि आज संध्याकाळीच त्या दोन्ही वह्यांच्या पानापानाचे फोटो काढून ठेवायला सांगा. पावसाळ्यात क्वार्टरच्या भिंतींचा काही भरवसा नसतो.