कुठला घाट ते सांग

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या गोष्टीचा खर्डा मिळाला. सोबतच्या चिठ्ठीत विचारलंयस, या पोराच्या खोड्या जरा जास्तच झाल्यात का, शेवटी त्याला सुधारायला हवा का. न सुधारला तर कुणाचं काय अडतंय? माझी तक्रार पहिल्याच ओळीबद्दल आहे. 'कृष्णाकाठचं एक छोटंसं गाव.' अरे, तू वाईचा ना? मग वाई म्हण की! आणि कुठला घाट ते सांग.

पुराचं पाणी बघायला पोरं घरातून सटकतात आणि काठीवर गोट्यांची पैज लावतात, असं लिहिलंयस. पैज कसली, ते कळतच नाही. ढोल्या गणपतीची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. १७६२ साली सरदार रास्त्यांनी देऊळ बांधलं, तेव्हा पुराचा लोंढा तिथे फुटून दोन बाजूंनी निघून जावा म्हणून ती तशी घडवली. त्या भिंतीमुळेच तर काठी डावीकडून जाणार की उजवीकडून, हा प्रश्न पडतो! भिंत काढलीस आणि खोडी गेली.

घंटेचंही तेच. 'एका देवळाची मोठी घंटा' म्हणे. मेणवलीच्या घाटावरची ती घंटा वसईची आहे, पोर्तुगीजांवरच्या १७३९ च्या स्वारीनंतर आलेली, अंगावर मेरी आणि बाळ येशू. तुझ्या पोराला इतिहास ठाऊक नसेल, नसू दे. पण बेचकीने खडा मारताना ती बाई त्याला दिसली असेलच. कोण वाटली असेल ती? तिथे थांब जरा.

आईचा प्रसंग मात्र झकास. चड्डी घाटावरच्या तापल्या दगडावर वाळवून, केस कोरडे करून शहाजोगपणे घरात शिरलेला पोरगा, आणि आई काही न विचारता त्याच्या दंडावर नख ओढते. पांढरी रेघ उमटते. संपलं! त्यातलं एक अक्षर बदललंस तर याद राख.

कृष्णाबाईच्या उत्सवाला तू एका ओळीत उरकलंस, त्याचा मात्र राग आला. सात घाटांचे सात उत्सव, वेगवेगळ्या तिथींना. भीमकुंड आळी, धर्मपुरी, गंगापुरी... प्रत्येक आळीच्या प्रसादाच्या पंगतीत आपण तिथलेच असल्यासारखा जेवणारा पोरगा हवा मला. वाढपी विचारतो, 'कुणाचा रे तू?' आणि हा दरवेळी नवा बाप सांगतो.

तू म्हणशील, बाहेरच्यांना आळ्यांची नावं काय कळणार. मलाही एका संपादकांनी हेच ऐकवलं होतं. गावाचं नाव काढा, शेवटी बोध घाला, दिवाळी अंकात घेतो म्हणाले. मी नाही म्हटलं. लेख कपाटात आहे. त्यानंतर फारसं लिहिणं झालं नाही, आणि घरातले अजून म्हणतात की माझा हट्ट मला नडला. नडला असेल. पण तो लेख आजही काढून वाचला तर वाईतलाच वाटतो, दुसरीकडचा वाटत नाही. मला तेवढं पुरतं. तुला पुरेल का, ते तुझं तू ठरव. घाट मात्र गाळायचा नाही.

दुसरा खर्डा महिन्याभरात पाठव. आणि हो, रामडोहात गटांगळ्या खाणाऱ्या त्या पोराला बाहेर कुणी काढलं, हे तू लिहायचंच विसरलायस. नाव नको. आळी सांग.