अणूला कसं कळतं, आठ झाले म्हणून?

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. क्लासमध्ये सांगतात, प्रत्येक अणूला निऑन, आर्गन अशा राजवायूंसारखं व्हायचं असतं, म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन (अष्टक) हवे असतात, म्हणून सोडियम एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि क्लोरीन तो घेतो. पण अणूला कसं कळतं, आठ झाले म्हणून? आणि आठच काहून? माझे बाबा हिंगणा एमआयडीसीत आर्गन वेल्डिंग करतात. ऐन मे महिन्यातही काम सुरू करताना कूलर बंद करतात. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?
— एक विद्यार्थी, नंदनवन, नागपूर

उत्तर : अणूला काही कळत नाही, बाळा. ‘व्हायचं असतं’ हे आम्हा मास्तर लोकांचं आवडतं वाक्य. पोरांच्या लक्षात राहतं, मार्कही मिळतात, आणि सोडियम मोठा दानशूर आहे असा समज मात्र पक्का होऊन बसतो.

तो दानशूर बिलकुल नाही. वायुरूपातल्या एक मोल (अणू मोजायचं ठरलेलं माप) सोडियम अणूंचा बाहेरचा इलेक्ट्रॉन उपटायला ४९६ किलोज्यूल मोजावे लागतात. क्लोरीन तो घेतो तेव्हा ३४९ परत मिळतात. म्हणजे दोघांचंही अष्टक पूर्ण झालं, तरी वर १४७ खिशातूनच गेले! वसुली होते ती त्यानंतर. धन सोडियम आणि ऋण क्लोरीन एकमेकांना खेचत मिठाच्या स्फटिकात रचले जातात, तेव्हा साधारण ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. मीठ तयार होतं ते या जमेच्या जोरावर.

मग सोडियम दुसराही इलेक्ट्रॉन का सोडत नाही? कारण त्याची किंमत आहे ४५६२. एवढी भरपाई कुठलाच स्फटिक करून देत नाही. तुझ्या ‘आठच काहून’चं उत्तर या उडीत आहे. सोडियमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन. बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचात, आणि मध्ये दहा इलेक्ट्रॉनांचा आडोसा, त्यामुळे केंद्रकाची ओढ त्याच्यापर्यंत जेमतेम पोचते. तो गेला की पुढचा येतो दुसऱ्या कवचातला. हा केंद्रकाच्या जवळ, खरा आडोसा फक्त आतल्या दोघांचा. एकाच कवचातले शेजारी एकमेकांना फारसे झाकत नाहीत. ११ प्रोटॉनांनी त्याला गच्च धरलेलं असतं.

निऑनचंही तेच. त्याचा पहिलाच इलेक्ट्रॉन काढायला २०८१ लागतात. बाहेरून एखादा आणावा, तर त्याला बसायला जागा थेट तिसऱ्या कवचात, जिथे दहा प्रोटॉनांची ओढ दहा इलेक्ट्रॉनांनी जवळपास झाकून टाकलेली. देणं परवडत नाही, घेण्यात काही मिळत नाही. आणि आठ हा आकडा येतो एक एस आणि तीन पी कक्षिकांमधून (कक्षिका म्हणजे कवचातल्या इलेक्ट्रॉनांच्या जागा), प्रत्येकीत दोन. पहिल्या कवचात पी नाहीच, म्हणून हीलियमचं दोनात भागतं.

हिशेब बदलला की आठाचा नियमही मोडतो. गंजातल्या लोखंडाच्या आयनात, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूत, २३ इलेक्ट्रॉन असतात. ना आर्गनचे १८, ना क्रिप्टॉनचे ३६. १९६२ साली रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी कॅनडात प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड या वायूने ऑक्सिजनच्या रेणूतला इलेक्ट्रॉन काढून दाखवला. मग त्यांच्या लक्षात आलं की झेनॉन या राजवायूचा काढायलाही जवळपास तेवढीच ऊर्जा लागते. दोन वायू एकत्र आणले, आणि पिवळसर नारिंगी घन पदार्थ हाती आला. ‘निष्क्रिय’ झेनॉनचं संयुग!

आता बाबांचा कूलर. टॉर्चच्या नोजलमधून आर्गन येतो आणि वितळलेल्या स्टीलवर पांघरूण घालतो, हवेतला ऑक्सिजन तिथे पोचू देत नाही. कूलरचा झोत लागला की पांघरूण उडालं. मग टाका काळा पडतो, त्यात भोकं राहतात. गंमत अशी, की आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या ठिणगीच्या, उष्णतेत आर्गनचेही इलेक्ट्रॉन सुटतात, त्याशिवाय त्यातून करंट वाहणारच नाही. पण थोडा निवला की इलेक्ट्रॉन परत घेऊन तो पुन्हा आर्गनच. स्टीलशी त्याचं काही जुळत नाही.

हवेत आर्गन एक टक्क्याच्या जरासा खालीच, त्यामुळे श्वासातून रोज आत-बाहेर करतो आणि बाधत नाही. मात्र तो हवेपेक्षा जड आहे, वासही नाही. टाकीच्या आत उतरून वेल्डिंग असेल तर तो तळाशी साचतो, ऑक्सिजन वर ढकलला जातो आणि माणसाला कळायच्या आत भोवळ येते. अशा कामाला बाबांना म्हणावं, टाकीत हवा खेळती ठेवा आणि बाहेर एक माणूस उभा ठेवा.